बालांगिगाच्या तीन घंटा

इंजिनरूम (धागालेखक)

१५ डिसेंबर २०१८. आमचं जहाज सिंगापूरच्या अँकरेजवर बंकरची (इंधन भरण्याची) वाट बघत उभं होतं. मी तेव्हा सेकंड इंजिनियर. दुपारी इंजिनरूममधून वर मेसमध्ये आलो, तर सगळे फिलिपिनो खलाशी ताटं तशीच टाकून बोसनच्या मोबाइलभोवती गोळा झालेले. रेंज येत-जात होती. चित्र अडकायचं, पुन्हा चालू व्हायचं. एक चर्च, समोर तुडुंब गर्दी आणि तीन जुन्या घंटा. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, वादळात सगळ्यात पुढे जाऊन दोर आवळणारा गडी. तो तोंडावर टॉवेल धरून हुंदके देत होता. मी खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाला, "सेकंड, आमच्या घंटा घरी आल्या. ११७ वर्षांनी."

तो फिलिपिन्समधल्या समार बेटावरचा, बालांगिगाच्या शेजारच्या गावचा. अमेरिकेनं फिलिपिन्समध्ये युद्ध केलं होतं हे चाळिशी उलटेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो त्यांच्या देशाची एवढी मोठी गोष्ट आपल्याला माहीत नाही, याचं फार वाईट वाटलं. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. बरेच दिवस लिहीन म्हणत होतो, आज बसलो.

सुरुवात क्यूबापासून करावी लागते. तिथे स्पेनविरुद्ध उठाव चालू होता. तो मोडायला स्पेनच्या जनरल वायलरनं १८९६ पासून खेड्यातली माणसं उठवून पहाऱ्यातल्या गावांत कोंडली आणि बाहेरची शेतं-घरं जाळली. उठाववाल्यांना दाणा मिळू नये, एवढाच हेतू. कोंडलेली माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली. अमेरिकन वर्तमानपत्रांनी वायलरला खाटीक म्हटलं. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी एप्रिल १८९८ च्या संदेशात काँग्रेसला सांगितलं की हे सुसंस्कृत युद्ध नव्हे, हा संहार आहे; यातून येणारी शांतता उजाड रानाची आणि थडग्याची असेल. हे वाक्य लक्षात ठेवा.

फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात मेन ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली आणि एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं. पहिली मोठी लढाई मात्र झाली क्यूबापासून अर्ध्या जगापलीकडे, स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये. १ मे रोजी कमोडोर ड्युईनं मनिलाच्या उपसागरात स्पेनचं आरमार बुडवलं. हाँगकाँगला हद्दपार असलेल्या आगिनाल्डो या फिलिपिनो पुढाऱ्याला अमेरिकेच्याच जहाजातून परत आणलं गेलं. त्यानं १२ जूनला स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याच्या लोकांनी मनिलाला वेढा घातला. आणि १३ ऑगस्टला स्पॅनिश व अमेरिकन अधिकाऱ्यांनी आधी ठरवून एक खोटी लढाई केली, शहर अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि फिलिपिनो सैन्याला वेशीबाहेर थांबवलं. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. २ कोटी डॉलर देऊन बेटं घेतली. त्या टेबलावर एकही फिलिपिनो नव्हता.

४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाबाहेर एका अमेरिकन पहारेकऱ्यानं गोळी झाडली आणि युद्ध पेटलं. दोनच दिवसांनी सिनेटनं ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला. दोन तृतीयांशाला लागत होती त्यापेक्षा फक्त एक मत जास्त.

आता बालांगिगा. १९०१ च्या ऑगस्टमध्ये नवव्या इन्फंट्रीची सी कंपनी त्या किनाऱ्यावरच्या गावात आली, ७४ माणसं. कॅप्टन कॉनेलनं गाव साफ करायला गावातले पुरुष वेठीला धरले. सोळा-सोळा माणसांच्या दोन तंबूंत मिळून ऐंशीच्या आसपास माणसं रात्रभर कोंडून ठेवली. साठवलेलं भात काढून घेतलं. २८ सप्टेंबरच्या सकाळी शिपाई न्याहारीला बसले असताना गावाच्या पोलिसप्रमुखानं, वालेरियानो आबानादोरनं, पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली. चर्चची घंटा वाजली. कोयते घेऊन गाव तुटून पडलं. ७४ पैकी ४८ अमेरिकन मेले.

पुढे समारवर पाठवलेल्या जनरल जेकब स्मिथनं मेजर वॉलरला तोंडी हुकूम दिला: कैदी नकोत, मारा आणि जाळा, जितकं जास्त तितका मी खूश. वॉलरनं विचारलं, वयाची मर्यादा काय? उत्तर मिळालं, दहा वर्षं. समारचं आतलं रान ओरडतं उजाड झालं पाहिजे, असंही तो म्हणाला. हे सगळं पुढे लष्करी न्यायालयात शपथेवर नोंदलं गेलं, ऐकीव नाही.

मॅकिन्लींचं ते वाक्य आता पुन्हा वाचा. उजाड रान. ज्या शब्दानं स्पेनवर आरोप ठेवला, तोच शब्द चार वर्षांत त्यांच्याच जनरलच्या तोंडी हुकूम म्हणून आला. आणि त्याच हिवाळ्यात बातांगास प्रांतात जनरल फ्रँकलिन बेलनं माणसांना ठरावीक हद्दीत कोंडायला सुरुवात केली. २५ डिसेंबरनंतर हद्दीबाहेर सापडेल ते धान्य जप्त किंवा जाळून टाकायचं. वायलरचीच रीत.

घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. दोन वायोमिंगमधल्या शायेनच्या तळावर, एक नवव्या इन्फंट्रीबरोबर, ती शेवटी कोरियातल्या छावणीत होती.

मला एवढंच म्हणायचं आहे: विसाव्या शतकातली अमेरिकेची परदेशातली युद्धं समजून घ्यायची तर पहिलं महायुद्ध ही सुरुवात धरू नये. सुरुवात इथे आहे. तुमची मतं वाचायला आवडतील.

---

पाटीपेन्सिल

फार मनापासून लिहिलंय. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि कबूल करते की या युद्धाला पुस्तकात एक ओळसुद्धा नव्हती.

नावाबद्दल बोलायचंय. अमेरिकेच्या सरकारी कागदांत याचं नाव युद्ध नव्हतंच, "फिलिपिन्समधलं बंड" होतं. आपल्याला हे नवीन नाही. १८५७ ला आमच्या लहानपणीसुद्धा कित्येक जण शिपायांचं बंडच म्हणायचे. बंड म्हटलं की मालक आधीच ठरतो: राज्य त्यांचं, तुम्ही फक्त बिथरलेले. पण १८९९ मध्ये मनिलाबाहेर जे लढत होते त्यांच्याकडे घटना होती, संसद होती, अध्यक्ष होता. मालोलोसला जानेवारी १८९९ मध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं होतं. अमेरिकेचं राज्य तिथे आलेलंच नव्हतं, मग बंड कुणाविरुद्ध?

आणि बंड म्हटल्यामुळे कायदाही सोपा झाला. पकडलेला माणूस युद्धकैदी न राहता गुन्हेगार होतो. नोव्हेंबर १९०१ मध्ये मनिलात राजद्रोहाचा कायदा आला. त्यात शांततेच्या मार्गानं स्वातंत्र्य मागणं हासुद्धा गुन्हा. आपल्याकडे चारच वर्षं आधी, १८९७ मध्ये, केसरीतल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली होती. मनिलात नाटककारांनाही तुरुंगात टाकलं. आमच्याकडे खाडिलकरांच्या नाटकातला कीचक म्हणजे कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळायचं आणि १९१० मध्ये सरकारनं त्या नाटकावर बंदी घातली. दोन वेगळी साम्राज्यं, पण कशाला घाबरायचं ते दोघांचं सारखंच.

---

कोकणकडा

वाचतोय. घंटेच्या प्रसंगाला अंगावर काटा आला.

---

ओमाहाकर

मी बावीस वर्षं नेब्रास्कात राहतोय, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

धाग्यात ज्या पहारेकऱ्याच्या गोळीचा उल्लेख आहे तो विल्यम ग्रेसन आमच्याच नेब्रास्काच्या स्वयंसेवक पलटणीतला. आणि त्या काळात साम्राज्याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज होता तोही इथला, लिंकन शहरातला विल्यम जेनिंग्ज ब्रायन. १९०० ची निवडणूक तो याच मुद्द्यावर लढला आणि हरला. बोस्टनला १८९८ मध्येच साम्राज्यविरोधी लीग निघाली होती. मार्क ट्वेन तिचा उपाध्यक्ष, कार्नेगीसारखा पोलादवाला तिच्यात. म्हणजे "अमेरिकेनं केलं" असं सरसकट म्हणताना याच अमेरिकेत तेव्हाच भांडणारी माणसं होती, हे विसरू नये. स्मिथचा हुकूम आपल्यापर्यंत आला तो अमेरिकन न्यायालयामुळे आणि अमेरिकन वर्तमानपत्रांमुळे. मे १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेपरनं पोरांना गोळ्या घालणाऱ्या शिपायांचं चित्र छापलं होतं, वर शब्द: दहा वर्षांवरचे सगळे मारा.

शिवाय १९०१ मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचेकशे शिक्षक तिथे गेले. गावोगावी सरकारी शाळा निघाल्या. १९१६ च्या जोन्स कायद्यात स्वातंत्र्याचं वचन दिलं आणि ४ जुलै १९४६ ला ते पाळलं. इंग्रजांनी आपल्याला असं वचन किती साली दिलं होतं?

---

इंजिनरूम

ओमाहाकर, राग कसला. तुमचा मुद्दा खरा आहे आणि धाग्यात यायलाच हवा होता. त्या लोकांनी आवाज केला नसता तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं.

पण शिक्षा काय झाली तेही बघू. अकरा फिलिपिनो हमालांना चौकशीशिवाय गोळ्या घातल्या म्हणून वॉलरवर खटला झाला, तो सुटला. स्मिथवर खटला खुनाचा नव्हता, शिस्तभंगाचा होता. न्यायालयानं त्याला फक्त समज दिली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निवृत्त केलं, तेवढंच. पानाय बेटावर इग्बारास गावच्या प्रमुखाला पाण्याचा छळ देणारा कॅप्टन ग्लेन, त्याला एक महिना निलंबन आणि ५० डॉलर दंड. पाण्याचा छळ म्हणजे माणसाला उताणं पाडून, जबडा उघडा ठेवून पोट टम्म फुगेपर्यंत पाणी ओतायचं, मग पोटावर दाब देऊन ते बाहेर काढायचं आणि पुन्हा ओतायचं. १९०२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे तिथे हजर असलेल्या सार्जंटनं हे स्वतः सांगितलं आहे. बोलणाऱ्यांनी बोललं, ऐकणाऱ्यांनी ऐकलं, आणि ५० डॉलरवर भागलं.

शाळांचं म्हणाल तर मान्य. बोसनची इंग्रजी अमेरिकेनं दिलेली, माझी ब्रिटिशांनी. त्या इंग्रजीच्या जोरावरच आम्ही दोघं एका जहाजावर नोकरीला लागलो. त्या इंग्रजीतच त्यानं मला घंटांची गोष्ट सांगितली. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला त्यातलं एकही खोडता येत नाही.

---

गिरगावचा

अवांतर होईल, पण मुंबईचा धागा यात आहे. गोऱ्या माणसानं काळ्या-पिवळ्यांचं ओझं उचलावं, ही किपलिंगची कविता सगळ्यांना साम्राज्याची कविता म्हणून माहीत असते. ती लिहिली होती भारतासाठी नव्हे, अमेरिकेला उद्देशून, फिलिपिन्स घ्या म्हणून! फेब्रुवारी १८९९, म्हणजे नेमकी तीच वेळ. ज्याचा जन्म आमच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ मध्ये झाला, तो मनिलाचं काय करावं हे वॉशिंग्टनला सांगत होता. रूझवेल्टनं ती कविता आपल्या मित्राला, सिनेटर लॉजला, पाठवताना लिहिलं होतं की कविता म्हणून सुमार आहे, पण विस्ताराच्या दृष्टीनं शहाणपणाची आहे.

जे. जे. वरून रोज जातो. आता ते आवार बघताना हे आठवणार.

---

गोठा

मी जनावरांचा डॉक्टर, इतिहासातलं फार कळत नाही. पण मृत्यूंचा आकडा शोधताना एक गोष्ट सापडली, ती माझ्या क्षेत्रातली आहे म्हणून लिहितो.

या युद्धात अमेरिकेचे ४ हजारांवर सैनिक गेले, त्यातले निम्म्याहून जास्त रोगांनी. फिलिपिनो लढवय्ये २० हजारांच्या घरात. आणि सामान्य माणसं साधारण दोन लाख, असा अंदाज सगळीकडे दिसतो. ही दोन लाख माणसं काही सगळी गोळीनं मेली नाहीत. मग कशानं?

बुळकांडीनं. म्हणजे माणसांना बुळकांडी होत नाही, ती गुरांची साथ. ताप, तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी आणि मग अशी हगवण की धष्टपुष्ट रेडा आठवड्याभरात आडवा होतो. आमच्या आजोबांच्या पिढीत बुळकांडी आली म्हटलं की गाव रडायचं. फिलिपिन्समध्ये ती १८८० च्या दशकाच्या शेवटी शिरली आणि युद्धाच्या काळात तिनं कहर केला. तिथली भातशेती पूर्णपणे म्हशी-रेड्यांवर, काराबाव म्हणतात त्यांना. १९०२ पर्यंत दहातले जवळजवळ नऊ काराबाव मेले.

आता याला बेलच्या हुकुमाची जोड द्या. रेडे नाहीत म्हणून चिखलणी नाही. हद्दीबाहेर जायला बंदी म्हणून लावणी नाही. आहे ते भात जाळलेलं. माणसं दाटीवाटीनं एका जागी, पाणी घाण. आणि मार्च १९०२ मध्ये पटकी (कॉलरा) आली. अशक्त झालेल्या माणसात पटकी शिरली की काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. मलेरियाचंही तसंच: डासाला चावायला जनावर उरलं नाही की तो माणसाकडे वळतो.

त्यामुळे "रोगानं मेले" असं लिहून मोकळं होता येत नाही. साथ देवाची म्हणा, पण कोंडलं माणसांनी.

पुढे १९०३ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं ३० लाख डॉलरचा मदतनिधी दिला, त्यातून चीनमधून रेडे आणायची खटपट झाली. त्यातलेही बरेच दगावले. बुळकांडी जगातून गेली ती २०११ मध्ये. मी शिकत असताना तिची लस टोचत गावं पालथी घातलीत.

---

पाटीपेन्सिल

गोठा, हा प्रतिसाद धाग्याचा अर्धा भाग आहे असं समजा. मनिलातही पटकीच्या वेळी सरकारनं फारोला वस्तीतली झोपडी-घरं सरळ पेटवून दिली होती आणि लोकांना छावण्यांत नेलं होतं. पुण्यातल्या प्लेगच्या छावण्या आणि रँडच्या घरझडत्या ज्यांनी वाचल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. लोक रोगाइतकेच रोग निवारणाऱ्याला भीत होते.

---

नवखी

छान चर्चा. मला एक प्रश्न: हे सगळं झाल्यावर अमेरिका शिकली का? म्हणजे पुढच्या काळात धोरण बदललं का? पहिल्या महायुद्धाच्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन तर स्वयंनिर्णयाबद्दल बोलायचे ना?

---

इंजिनरूम

नवखीताई, चांगला प्रश्न. उत्तर एका माणसाच्या बदल्यांत सापडतं.

समारवरून सुटलेला मेजर वॉलर. ४ जुलै १९०२ ला रूझवेल्टनं युद्ध संपल्याचं जाहीर केलं. दक्षिणेच्या मोरो, म्हणजे तिथल्या मुसलमानांच्या, भागात मात्र ते चालूच राहिलं. १९०६ मध्ये बुद दाहो या ज्वालामुखी डोंगराच्या मुखात लपलेल्या शेकडो बाया-माणसांना अमेरिकन जनरल लेनर्ड वुडच्या फौजेनं मारलं. वॉलरला बढती मिळत गेली. १९१५ मध्ये विल्सननी हैतीत मरीन उतरवले, तेव्हा तिथल्या तुकडीचा प्रमुख म्हणून कोण गेलं? कर्नल वॉलर. हैतीत पुन्हा तेच: उठाववाल्यांना डाकू म्हणायचं, रस्ते बांधायला शेतकऱ्यांना वेठीला धरायचं. त्या वेठीतून उठाव झाला. १९१९ मध्ये शार्लमान्य पेराल्त या त्यांच्या पुढाऱ्याला मारून प्रेत दाराच्या फळीला बांधलं आणि लोकांना धाक बसावा म्हणून त्याचा फोटो वाटला. लोकांना त्यात क्रुसावरचा येशू दिसला. मरीन हैतीतून निघाले १९३४ मध्ये.

म्हणजे महायुद्धानंतरच्या तहासाठी पॅरिसला विल्सन स्वयंनिर्णय बोलत होते त्याच साली हे. मला वाटतं शिकली, पण काम करण्याची पद्धत शिकली. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीनं क्यूबा नावाला स्वतंत्र ठेवून हात घालायचा हक्क राखला. मुलूख खरेदी न करता ताबा कसा ठेवायचा, ते फिलिपिन्सच्या अनुभवानंतर पक्कं झालं.

---

ओमाहाकर

विल्सनबद्दल असहमत होता येत नाही. फक्त ब्रायनची भर घालतो, कारण मला तो माणूस चटका लावतो. १८९९ मध्ये यानंच आपल्या पक्षाच्या सिनेटरांना तह मंजूर करा म्हणून सांगितलं होतं, आधी युद्ध संपू दे, स्वातंत्र्य नंतर देऊ या हिशेबानं. एका मतानं तह पार पडला हे धाग्यात आहेच. पुढे हा भारतात आला, दुष्काळ आणि कर बघून गेला, आणि १९०६ मध्ये ब्रिटिश राज्यावर इतकं कडक लिहिलं की गदरवाल्यांनी ते पुन्हा छापून वाटलं. मग विल्सनचा परराष्ट्रमंत्री झाला. जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवल्यावर जर्मनीला पाठवायचा खलिता युद्धाकडे नेईल म्हणून जून १९१५ मध्ये त्यानं राजीनामा दिला. पण त्याआधी हैतीवर दबाव आणणारी पत्रं त्याच्याच खात्यातून गेली होती. भारताबाबत त्याला जे लख्ख दिसलं ते हैतीबाबत दिसलं नाही. मी त्याच्या शहराजवळ राहतो, म्हणून हे लिहिताना जड जातं.

---

कोकणकडा

इंजिनरूमदादा, घंटा परत कशा मिळाल्या? आणि गावातल्या बायका त्या सकाळी कुठे होत्या?

---

इंजिनरूम

बायका-मुलं आदल्या रात्रीच गावाबाहेर काढली होती. काही पुरुष बायकांचे कपडे घालून, छोट्या शवपेट्या घेऊन चर्चमध्ये गेले आणि पेट्यांत कोयते होते, असं सांगतात. उठावात प्रत्यक्ष असलेली एक बाई मात्र गाव आजही मानतं, कासियाना नासियोनालेस.

घंटांसाठी बालांगिगाचे लोक, चर्च आणि फिलिपिन्सचं सरकार कित्येक वर्षं मागणी करत होते. वायोमिंगमधल्या माजी सैनिकांचा एक गट विरोधात, दुसरा देऊन टाका म्हणणारा. शेवटी ११ डिसेंबर २०१८ ला त्या विमानानं मनिलाला आल्या आणि चार दिवसांनी गावात. आम्ही मेसमध्ये बघितलं ते हेच.

गोठा, तुमचा बुळकांडीचा प्रतिसाद काल रात्री इंग्रजीत करून बोसनला पाठवला. तो आता निवृत्त आहे, घरी भातशेती करतो. आज सकाळी त्याचा आवाजी निरोप आला. मागे कोंबडे आरवत होते. म्हणाला, रेडे मेल्याचं आमच्या घरी आजी सांगायची. त्या वर्षी पणजोबांनी जू स्वतःच्या मानेवर घेतलं आणि पणजीनं मागून नांगर धरला.